आजारी भेकाची शुश्रूषा

घरातला पाळीव भेक आजारी पडला, की पहिला उपचार घरच्या माणसांवर करावा. भेकाला बहुधा आजारापेक्षा मायेचाच धोका जास्त असतो. तो तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या, मांड्यांलगतच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. श्वासोच्छ्वासाचा काही भागही कातडीवरच चालतो. त्यामुळे बाम, निलगिरी, हळदीचा लेप हे त्याच्या बाबतीत 'नुसतं वरून लावायचं' राहत नाही, थेट अंगात भिनते. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही त्याच वाटेने जाते आणि साबण नीट न धुतलेल्या हाताने कुरवाळणेही एक मात्राच ठरते. उचलावाच लागला तर स्वच्छ, ओल्या हाताने उचलावा.

मुळात तो आजारी आहे का? दिवसभर न हलणे हे लक्षण नव्हे, तो त्याचा पेशा आहे. पाठ कमानदार करून, जबडा वासून तो स्वतःचीच कात ओढून गिळू लागला तर फिट आली म्हणून धावू नये. कात टाकून ती खाणे ही त्याची नेहमीची रीत आहे. हातात घेताच तो टम्म फुगला, तर तो जलोदर नव्हे, आपल्याबद्दलचे त्याचे मत आहे. खरी चिन्हे वेगळी: कोणी हात न लावता दिवसेंदिवस टिकणारी सूज, लालसर झालेल्या मांड्या, अंगावर तशीच चिकटून राहिलेली कात, उलटा पडल्यावर सुलटे होता न येणे.

यावर कोणी म्हणेल, मग काय नुसते बघत बसायचे? तसे नाही. ओलसर कागद अंथरलेल्या स्वच्छ डब्यात, सावलीत त्याला वेगळे ठेवावे आणि बेडूक-सरड्यांचे कळणारा पशुवैद्य गाठावा. बेडूकवर्गाच्या कित्येक जाती संपवणाऱ्या ज्या कायट्रिड बुरशीचे वर्णन 1999 साली झाले, तिच्यावर डॉक्टर इट्राकोनॅझोलच्या सौम्य द्रावणात अंघोळ घालतात. पण मात्रा त्यांनी ठरवायची, आजीने नव्हे. आजीचा मऊ भातही निरुपयोगी, कारण जे हलत नाही ते भेकाच्या लेखी अन्नच नव्हे. जिवंत रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी, हाडांना ती लागते.

दुसरा आक्षेप असा, की प्रेमाने सांभाळलेले भेक जगलेच ना! इंग्रज निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्या सेलबर्न गावावरच्या 1789 च्या पत्ररूप ग्रंथात असा एक भेक आहे. काही बायकांनी त्याला अनेक वर्षे अळ्या चारून अवाढव्य केले. रोज संध्याकाळी तो बागेतल्या पायऱ्यांखालच्या बिळातून बाहेर येई आणि जेवणानंतर त्याला टेबलावर घेत. पण हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. बाकीचा वेळ त्याला त्याचे बीळ होते, तिथे कोणी लेप घेऊन शिरत नसे. शेवटी घात केला तो एका माणसाळलेल्या डोमकावळ्याने, एक डोळा फोडून. नंतर भेक खंगत गेला आणि मेला. (त्याच पत्रव्यवहारात भेकांनी माणसांचा कर्करोग बरा करण्याच्या दाव्याचीही चर्चा आहे, तेव्हा वैद्य कोण आणि रोगी कोण, हे ठरायचे होते.)

भेकाला हात लावल्याने चामखीळ येते ही भीती सोडावी, चामखीळ माणसांतल्या विषाणूने होते. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत मात्र खरेच विष असते, म्हणून नंतर हात धुवावेत आणि कुत्र्याला लांब ठेवावे. एवढे करूनही घरच्यांना चैन पडत नसेल तर दृष्ट काढायला हरकत नाही. फक्त मीठमोहऱ्या डब्यापासून चार हात लांब ओवाळाव्यात. मीठ त्याच्या कातडीला सोसत नाही.