तालुक्याचा वृत्तनिवेदक

उपग्रह वाहिन्या १९९१ पासून भारतात दिसू लागल्यावर महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत केबलचालक हा नवा व्यावसायिक उदयास आला आणि १९९५ च्या केबल कायद्याच्या व्यवस्थेत त्याची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयाकडे सोपवली गेली. मनीऑर्डर आणि दूरचित्रवाणी यांचा असा शेजार जमला. या चालकांनी पुढे स्वतःची स्थानिक वाहिनीही सुरू केली. लग्नांतून सवड मिळेल तेव्हा हाती येणारा व्हीएचएस कॅमेरा, एक व्हीसीआर आणि मॉड्युलेटर, म्हणजे चित्र व ध्वनी मोकळ्या चॅनेलवर चढवणारी पेटी, एवढ्यावर ती चाले.

मनुष्यबळ याहूनही तुटपुंजे असल्याने दहावीच्या निकालाची वाट पाहणारा मुलगा आधी वायरचे भेंडोळे, मग हॅलोजन धरण्यास आणि अखेरीस बातम्या वाचण्यास जुंपला जाई. त्याच्या आवाजाची परीक्षा होत नसे, शर्टाची मात्र होई, कारण बारीक चौकटीचे कापड पडद्यावर लाटांसारखे हले. घरघर ध्वनिमुद्रणात येते म्हणून पंखा बंद असे, आणि टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे भिंगासमोर ओळी सरकवणारे यंत्र, तिथे कोणी ऐकलेलेही नसल्यामुळे निवेदक खाली मान घालून वाची. परिणामी प्रेक्षकांना त्याच्या चेहऱ्यापेक्षा भांगाचाच परिचय अधिक होता. उद्घाटन ‘भव्य’ आणि निधन ‘दुःखद’ ही विशेषणे ठरलेली असत. घामाने कागदावरची शाई पसरली की त्यांची अदलाबदल होई आणि एखाद्या सज्जनाचे भव्य निधन घडे. रात्रीचीच कॅसेट सकाळी पुन्हा लावण्याचा प्रघात असल्याने ते दोनदा घडे.

मानधन म्हणून घरी फुकट जोडणी मिळे. तारेतून जाणारा संदेश अंतरागणिक क्षीण होतो, त्यामुळे वाटेत तो वाढवणारा ॲम्प्लिफायर बसवावा लागे आणि त्याला वीज त्याच वाटेवरचे एखादे घर पुरवी. त्या घरातील फ्यूज उडाला की पुढची अख्खी गल्ली वाहिन्यांना मुके. फुकट जोडणी अर्थातच तारेच्या शेवटच्या टोकाला असे. तिथे पडद्यावर ‘मुंग्या’, म्हणजे क्षीण संदेशामुळे वळवळणारे ठिपके, इतके दाटत की आईला मुलगा केवळ आवाजावरून ओळखावा लागे. आणि आवाज त्याच उन्हाळ्यात फुटलेला असल्याने वडिलांना तीही ओळख पटत नसे.