थांबेकर

हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, तेही मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा. पण सोसायटीच्या गेटासमोर बसथांबा झाला आणि ते आडनाव पाटीपुरतंच उरलं. आता वॉचमन इंटरकॉमवर "थांबेकर साहेबांचं पार्सल आलंय" म्हणतो आणि ते निमूट खाली येऊन सही करतात. सही मात्र अजून जुनीच.

थांबेकर मूळचे गिरगावचे. निवृत्त झाल्यावर मुलाने पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला फ्लॅट घेतला म्हणून इकडे आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना धक्का बसला. इथे बसला रांग नसते! बेस्टची पहिली बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला निघाली, तेव्हा मुंबईकर जो रांगेत उभा राहिला तो अजून हललेला नाही, असं त्यांचं म्हणणं. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली, तिच्यात आपण होतो असंही ते सांगतात. कधी वडिलांच्या खांद्यावर असतात, कधी स्वतःचं तिकीट काढलेलं असतं. ऐकणारा कोण आहे, त्यावर त्या दिवशीचं वय ठरतं.

दुसरा धक्का हिशेबाचा होता. आमच्यापासून जवळात जवळचा थांबा चांगला पाऊण मैल लांब. (मैल त्यांचा.) बसच्या पहिल्या टप्प्याला 10 रुपये आणि त्या बसपर्यंत नेणाऱ्या रिक्षाचं मीटर 25 वर पडलेलं. "म्हणजे नारळ दहाचा आणि पिशवी पंचविसाची!" असं म्हणून त्यांनी फाइल उघडली. निळी फाइल, आत सगळे अर्ज तारखेवार, प्रत्येकावर पोचेचा शिक्का. शिक्का पुसट उठला तर ते काउंटरवर तसेच उभे राहून पुन्हा मारून घेत. थांबा पायी पाच मिनिटांवर, म्हणजे साधारण 400 मीटरच्या आत असावा, असं शहरनियोजनवाले मानतात. हे त्यांच्या कुठेतरी वाचनात आलं आणि त्यांनी इमारती मोजायला घेतल्या. पावलांनी. एका रविवारी बेल वाजली. दारात थांबेकर, हातात वही. "तुम्ही दोनशे बारा. लिफ्ट धरून." मला वाटलं मेंटेनन्स वाढला.

विरोध झालाच. थांबा आला की परकी माणसं येतील, पानाच्या पिंका येतील, असं मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले. चेअरमनांची दुसरी गाडी नेमकी त्याच जागी उभी असे, हे मिनिटांत आलं नाही. सी विंगने वेगळीच हरकत घेतली. थांबा ए विंगला साठ पावलं जवळ पडतो, सबब सी विंगला देखभाल खर्चात सवलत मिळावी. ज्यांच्या घरी दोन दोन चारचाकी, ते बसथांब्याच्या न्याय्य अंतरावर रात्री अकरापर्यंत भांडले. चहा दोनदा झाला.

शेवटी एके सकाळी दोन पोरं आली, खड्डा खणला आणि खांब रोवला. थांबेकर ओळंबा घेऊन हजर. खांब जरा डावीकडे झुकतोय हे त्यांनी दाखवून दिलं. पोरं म्हणाली, "काका, बसला चालतंय." पुढे पत्र्याचं छप्पर आलं, स्टीलचा बाक आला. बाकाला असा काही उतार की पाय रोवून बसावं लागतं, नाहीतर माणूस बस यायच्या आधीच रस्त्यावर. पाटी आली तेव्हा मात्र ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. सोसायटीचं नाव सुचवलं होतं आणि पाटीवर लिहिलं होतं 'पाण्याची टाकी'. मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, कर्वे रस्त्यावरचा नळ स्टॉप बघा. ज्या नळावरून नाव पडलं तो कधीच गेला, स्टॉप राहिला. यावर ते एवढंच म्हणाले, "पण टाकी पाडायला अजून किती वर्षं?"

थांब्याचा उपयोग कोणाला झाला हे बघायचं तर सकाळी आठला खाली उतरावं. मीटिंगमध्ये भांडलेल्यांपैकी तिथे एकही नसतो. उभ्या असतात त्या त्यांच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायका. आमच्या मावशी पूर्वी नऊ-सव्वानऊला येत. पावसाळ्यात चपला पिशवीत आणि पाय पोटरीपर्यंत चिखलात. पहिली दहा मिनिटं पाय धुण्यात जात. आता आठ चाळीसला दारात. वाचलेल्या वेळात त्यांनी बी विंगमध्ये एक जादा काम धरलं. फायदा म्हणतात तो हा, आणि निळ्या फाइलच्या एकाही अर्जात तो नव्हता. तिथे 'ज्येष्ठ नागरिकांची कुचंबणा' होती. ज्येष्ठांचंही बरं चाललंय म्हणा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आता सुनेला न विचारता लक्ष्मी रोडला जाऊन येतात. सून मला म्हणाली, "आईंना बस मिळाली आणि आम्हाला दुपार मिळाली." मालाचा भाव कळतो तो एजंटाला. 'बसथांबा दोन मिनिटांवर' असं लिहून त्याने सी विंगमधला फ्लॅट खपवलासुद्धा. साठ पावलं त्याने मोजली नसावीत.

आणि थांबेकर? ते रोज थांब्यावर असतात, ड्यूटीवर असल्यासारखे. खिशात फडकं, पिशवीत पाण्याची बाटली आणि कात्री. कात्री फ्लेक्ससाठी. कोणाचा तरी वाढदिवस आला की थांब्यावर फ्लेक्स लागतो आणि मार्गांचे क्रमांक त्याखाली जातात. थांबेकर फ्लेक्स काढत नाहीत, त्यांना गुडघे जपायचेत. क्रमांकापुरती चौकट कापतात. मागच्या महिन्यात एका भावी नगरसेवकाच्या डाव्या गालातून स्वारगेट दिसत होतं आणि कपाळातून मनपा.

रांगेचं त्यांनी अजून सोडलेलं नाही. खडूने रेघ मारतात. पुणेकर त्या रेघेवरून चालत जाऊन बसच्या दाराला झोंबतात. तरी परवा कॉलेजच्या तीन मुली रेघेवर एकामागे एक उभ्या राहिल्या. थांबेकरांनी फोटो काढून मुंबईतल्या भावाला पाठवला.

एक मात्र आहे. या माणसाला मी बसमध्ये चढताना अजून पाहिलेलं नाही. भाजीला जातात ते स्कूटरवर. एकदा विचारलंच. म्हणाले, "अहो, मी गेलो तर इथे बघणार कोण?"

कालचीच गोष्ट. पाठीवर सॅक लावलेला एक मुलगा घाईघाईने आला. "काका, ही स्वारगेटला जाते का?" समोर बस उभी. इंजिन चालू, दार उघडं.

"जाते ना," थांबेकर म्हणाले. "पण कशी जाते ते ऐका. मुळात तुमची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन वेगवेगळ्या संस्था. 2007 साली त्या एक झाल्या, तरी लोक अजून पीएमटीच म्हणतात. आता ही जी गाडी..."

दार मिटलं. गाडी गेली. मुलगा तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"पाय रोवून बसा," थांबेकर बाकावर सरकत म्हणाले. "दुसरी येईलच. तोवर ट्रामचं सांगतो."