पाच पैशांची चढण

शेअर बाजारात आधीच्या सौद्यापेक्षा भाव जरासा जरी वर सरकला, तरी त्याला अपटिक म्हणतात. जरासा म्हणजे किती? आपल्याकडे बरीच वर्षं भावाची लहानात लहान पायरी 5 पैशांची होती. जून 2024 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने 250 रुपयांच्या आतल्या शेअरसाठी ती 1 पैशावर आणली. आता चार आण्यांपर्यंतची सगळी नाणी 30 जून 2011 पासून बाद झालेली. जो पैसा कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाबाहेरचा भिकारीही घेणार नाही, त्या पैशापायी माणसं हरखून जातात.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या कट्ट्यावर एक निवृत्त मास्तर आहेत. सव्वानऊला बाजार उघडला की त्यांचं डोकं मोबाईलात आणि चहावर साय. “चढला की ओ!” किती? “पाच पैसे.” घेतला होता कितीला, हे मात्र विचारायचं नाही. अपटिकही ते विचारत नाही. शेअर अर्ध्यावर आलेला असो, घसरता घसरता मधेच पायरीभर वर आला की झालं अपटिक. त्यावर कडी म्हणजे झिरो अपटिक. भाव जागचा हललेला नाही, पण शेवटचा हलला तेव्हा वर गेला होता, म्हणून हाही चढच धरायचा. “म्हणजे माझ्या पोटासारखं,” मास्तर म्हणाले.

अमेरिकेत 1938 ते 2007 या पायरीला कायद्याचा आधार होता. हातात नसलेला शेअर आधी विकून पडल्यावर स्वस्तात उचलू बघणाऱ्याला, भाव पडत असताना विकायला मनाई. आधी चढू दे, मग वीक. पडत्याला आणखी ढकलू नये, हा विचार मला तरी आवडतो.

कोल्हापूरकर हे चढउताराचं गणित पंचगंगा नदीकडून शिकलाय. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका. पाऊस लागला की अख्खं गाव इंचाइंचाचा हिशेब ठेवतं. “किती झालं?” “एकेचाळीस तीन.” “आणि मघाशी?” “एकेचाळीस दोन.” 2019 ला 55 फुटांवरचं पाणी बघितलेल्यांना इथं अपटिक नको असतं. मग ‘पातळी स्थिर’ असा निरोप येतो. चढून स्थिर की उतरून स्थिर? शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती वरच्या मजल्यावर न्यायच्या का, हे त्यावर ठरतं.

अशाच एका पावसाळी सकाळी मास्तर ओरडले, “दोननं उतरलं!” कट्ट्यावर एकच जल्लोष. कुणीतरी सगळ्यांना चहा सांगितला, वर भजीही. मास्तर तेवढे कपाळाला हात लावून बसलेले. ते आपल्या शेअरचं सांगत होते.