चाळीस चौरस फुटांचे बागायतदार

आमच्या सोसायटीतले अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि बागायतदार झाले. जमीन म्हणजे कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीचा एक कोपरा. त्यात फळवाल्याकडचे क्रेट, रंगाचे रिकामे डबे आणि वेलासाठी चार बांबूंचा मांडव. एवढ्यावर माणसाची भाषा किती बदलावी! पूर्वी "काय उकडतंय" म्हणणारे अण्णा आता जूनमध्ये लिफ्टमध्ये शिरताच "मृग कोरडा चाललाय" असा सुस्कारा टाकतात. त्यांच्या वांग्यांना पाणी नळाचं. पण पावसाची काळजी केल्याशिवाय शेतकरी झाल्यासारखं वाटत नसावं.

माणूस अभ्यासू. श्री. अ. दाभोलकरांचं 'विपुलाच सृष्टी' त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचलं. क्रेटच्या तळाशी नारळाच्या शेंड्या, वर रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं, मग पालापाचोळा आणि माती नावापुरती. यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. नुसती माती भरली की स्लॅबवर ओझं होतं आणि पाणी घालून घालून ती दगडासारखी बसते. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये शास्त्राला कोण विचारतो? दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातली ओलसुद्धा तिथे अण्णांच्या टोमॅटोंच्या नावावर पडली.

बँकेतला माणूस खरा दिसला तो जीवामृताच्या वेळी. सुभाष पाळेकरांचं प्रमाण एकराचं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, शिवाय गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. अण्णांकडे जागा ४० चौरस फूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं: शेण ९ ग्रॅम. दुसरा कुणी असता तर अंदाजाने चमचाभर घालून मोकळा झाला असता. अण्णांनी काकूंचा केक करायचा डिजिटल काटा काढला. गोठ्यावर जाऊन "नऊ ग्रॅम द्या" म्हणाले, तेव्हा गवळ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पाटीभर शेण पिशवीत ओतलं. ते पुढे आठवडाभर गॅलरीत होतं. काट्याचं काय झालं ते विचारू नये. काकूंनी त्यानंतर केक केलेला नाही.

किडींच्या बाबतीत अण्णांचं बोलणं तर कृषी अधिकाऱ्याच्या वरताण. मिरचीवर मावा पडला की आवाज खाली येतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना दोषी धरलं जातं, कारण तो "त्यांच्या कुंडीतून चढला". मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण, आणि संध्याकाळी फवारणी. त्या दिवशी गच्चीवर पापड कुणी घालायचे नाहीत, अशी सूचना जिन्यात लागते.

पण खरा सोहळा दुधीचा. दुधीची पांढरी फुलं उमलतात संध्याकाळी. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात आणि शहरातल्या गच्चीवर पतंग वेळेवर येतीलच याचा भरवसा नाही. तेव्हा परागीकरण हातानेच. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या खाली अंगठ्याएवढा लवदार दुधी आधीच असतो. नर फुलाखाली नुसता देठ. अण्णा नर फूल खुडतात, पाकळ्या सोलून टाकतात आणि आतला परागाचा गोंडा मादी फुलाला हलकेच टेकवतात. काकू मोबाईलची बॅटरी धरून उभ्या. मुहूर्त साक्षात गोरज. फक्त अक्षता तेवढ्या नसतात. लग्न मानवलं नाही, तर चार दिवसांत तो छोटा दुधी पिवळा पडून गळतो आणि अण्णा रात्री जेवणावर बसल्या बसल्या गप्प होतात.

यंदा एक मानवलं. दुधी वाढला, डुलू लागला. काकूंनी चण्याची डाळ भिजत घातली. अण्णा म्हणाले, "पहिलं फळ बियाण्याला ठेवायचं असतं." दुसरा धरला, तो "मुलगा दिवाळीला येतोय, त्याला दाखवू" म्हणून राहिला. घरात भाजी कोपऱ्यावरच्या मावशींकडूनच येत होती. त्या पुरंदरकडच्या, घरची शेती असलेल्या. त्यांनाही शेवटी मांडव बघायला वर नेलं. मावशींनी एकदा क्रेटमध्ये बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "पाणी लई होतंय, दादा." मग दुसऱ्या दुधीला नख लावून पाहिलं. रुतेना. टिचकी मारली.

"ह्याचा आता तंबोरा करा."

काकू हसल्या, मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, दुधी दोन्ही हातांनी तोलला आणि मला विचारलं, "मिरजेला कुणी ओळखीचं आहे का रे तुझ्या?"