शनिवारी समुद्र उघडा असतो का?

मुक्काम पोस्ट खारदांडा

माननीय वीकेंड-नियोजक महोदय,



‘छोट्याशा किनारी गावातले दोन चविष्ट दिवस’ हे आपण आपल्या ग्रुपसाठी आखलेलं वेळापत्रक फिरत फिरत आमच्या गल्लीतल्या फोनांवरही येऊन पोचलं. वाचून ऊर भरून आला. आजवर मासे खायचे म्हटले की आपण भाऊच्या धक्क्यावर रो-रोत गाडी चढवून मांडव्याला जायचात, हायवेवर तास तास रांगेत काढून काशीद, दिवेआगर गाठायचात. सुट्टी जोडून आली तर थेट मालवण. आता आपल्याला असा शोध लागलाय की बाल्कनीतून ज्या बोटी दिसतात त्यांच्याखालच्या पाण्यातही मासे असतात, आणि काठावर माणसं राहतात. अभिनंदन. खार स्टेशन १९२४ साली झालं, आपला टॉवर त्याच्याही बराच नंतरचा, आणि दांडा या दोघांच्या आधीपासून इथेच आहे. तो सापडायला एवढा वेळ का लागला हे विचारणं पाहुण्यांच्या बाबतीत बरं दिसत नाही, म्हणून विचारत नाही.

वेळापत्रकात मात्र थोड्या दुरुस्त्या सुचवायच्या आहेत.

पहिलीच नोंद: ‘शनिवार, सकाळी आठ. बोटीवरून उतरणारी ताजी मासळी.’ साहेब, शनिवार आपला आहे, समुद्राचा नाही. आमच्या बाजूला बोंबील, जवळा, करंदी, मांदेली येते ती डोल जाळ्यात. डोल म्हणजे लांबलचक पिशवी. तिचं तोंड प्रवाहाकडे करून ती पाण्यात रोवून ठेवायची आणि वाट बघायची. माशाच्या मागे कोणी धावत नाही, पाण्याची ओढच त्याला आत आणून टाकते. ओढ मंदावली, पाणी फिरायला आलं की जाळं उचलायचं. म्हणजे बोट कधी परतणार हे भरती-ओहोटी ठरवते, आणि भरती-ओहोटी ठरवतो चंद्र. त्याला पाच दिवसांचा आठवडा अजून लागू झालेला नाही.

हिशेब अवघड नाही, जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. रोज पाऊण तासाने पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला जोर आणि जाळ्याला वजन. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी सुस्त आणि पाट्याही सुस्त. आपण निवडलेल्या शनिवारी कॅलेंडरात अष्टमी आहे. आपण आठला किनाऱ्यावर उभे राहाल, फोटो छान येतील, पण त्यात मासळी असेलच असं नाही.

तारखांचं निघालंच आहे तर पावसाळ्याचंही बोलून घेऊ. आपल्या पुढच्या सहलीच्या यादीत ‘जुलै, धो धो पाऊस आणि गरमागरम ताजं पापलेट’ असं लिहिलंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, समुद्र खवळलेला. बोटी वर ओढलेल्या असतात, नाखवा जाळी शिवत बसलेला असतो आणि घरात आगोटीची बेगमी उघडलेली असते: सुके बोंबील, सोडे, सुकट. तरीही जुलैत आपल्याला कुठेतरी पापलेट वाढलं जातं. ते बर्फातलं असतं, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलेलं. तिकडची बंदी १४ जूनलाच संपते, त्यामुळे पापलेट आपल्यापेक्षा जास्त प्रवास करून ताटात आलेलं असू शकतं. त्याच्याही वीकेंडचा विचार व्हावा. बंदी उठली तरी आमच्यातली बरीच जुनी माणसं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय बोट काढत नाहीत. २०२५ साली ती आपल्या शनिवारच्या आदल्याच दिवशी आली होती, ८ ऑगस्टला. आपण आला असतात तर ताटात नारळीभात पडला असता.

पापलेटाबद्दल आणखी एक. आपल्या सूचनांत ‘प्रत्येकी एक अख्खं, प्लेटमध्ये मावेल असं’ असा उल्लेख आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला, त्याहून लहान पकडायचे नाहीत. कारण सरळ आहे, एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू ताटात गेलं तर पुढच्या वर्षी ताट तेवढंच रिकामं. हॉटेलांना मात्र प्लेटच्या मापाचा मासा हवा असतो. राज्यमाशाने मोठं व्हावं की प्लेटीने, हे एकदा ग्रुपवर मतदानाला टाकावं.

‘सकाळी अकरा. कोळी आजीसोबत स्वयंपाक, कोळी पोशाखात.’ आजी त्या वेळी मार्केटात असते. बोट पुरुष नेतात, पण मासळी किनाऱ्याला लागली की व्यवहार बायकांचा. वाटे लावणं, भाव ठरवणं, उधारी लक्षात ठेवणं, सगळं तिच्याकडे. ती आपल्याशी बोलेल, पण आधी विचारेल, ‘काय देऊ?’ तिथे मांदेलीच्या वाट्यावर वीस रुपयांसाठी घासाघीस करायची आपली पद्धत आम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी त्याच मांदेलीच्या सहा तुकड्यांवर सेवाशुल्कासह सही करतानाचा आपला शांत चेहराही आम्ही पाहिला आहे. असा संयम सकाळीही जमला तर आजीला आनंद होईल.

‘दुपारी एक. अस्सल मालवणी थाळी, सोलकढी अमर्याद.’ इथे जरा थांबू. मालवण इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. तिकडचा नारळ, तिकडचं तिरफळ, तिकडचं कोकम, सगळं आम्हाला आवडतं, हॉटेलात गेलो की आम्हीही मागवतो. पण आमच्या घरचं कालवण वेगळं. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, गरम मसाले भाजून, कांडून वर्षभराचा मसाला भरून ठेवतात. तो मसाला, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ, आणि मासळी ताजी असेल तर आणखी काही नको. खोबऱ्याचं वाटण बरेचदा नसतंच. सोबत तांदळाची भाकरी. ओला बोंबील तर इतका नाजूक की कालवणात पडल्यावर त्याला चमच्याने ढवळायचं नसतं, पातेलंच हलवायचं. तळायचा असेल तर आधी चिरून, पाट्याखाली दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं. जी खरपूस पट्टी हॉटेलात आपण बोंबील म्हणून खाता, तिच्यात आम्हाला कधी कधी रवाच जास्त लागतो. हे माझं वैयक्तिक मत, गावाचा ठराव नव्हे.

टेबल-खुर्ची, मेनूकार्ड आणि हात धुवायला बेसिन हवं असेल तर माहीमच्या कोळीवाड्यात बचत गटाच्या बायका समुद्राकाठी सी फूड प्लाझा चालवतात, तिथे जा. थंडीत वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा, मासळी महोत्सव असतो. दोन्हीकडे पोटभर मिळतं. आमच्याकडे मिळेल ते कुणाच्या तरी घरचं.

‘सायंकाळी साडेपाच. बोटीवरून सूर्यास्त.’ सूर्य वेळेवर मावळेल, त्याबद्दल निश्चिंत असा. समोर वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे, सतरा किलोमीटरहून लांब. सूर्य त्यामागेच मावळतो. खांबांमधून बोटी कशा न्यायच्या, जुन्या जागेऐवजी मासळी आता कुठे धरायची, यावर कोळीवाडे गेली काही वर्षं आंदोलनं करत आहेत. जुहूला सेतूचे भाग बनवण्याच्या यार्डालाही विरोध झाला होता. पण एकदा पूल झाला की आपल्याला वेसाव्याचा महोत्सव पंधरा मिनिटांत गाठता येईल, हेही खरं. तोवर महोत्सवात वाढण्यापुरती मासळी राहावी, एवढी प्रार्थना आपणही करा.

रविवारची नोंद मात्र वाचून आम्ही गहिवरलो. ‘सुक्या मासळीची खरेदी (वास न येणारं पॅकिंग आवश्यक).’ गेल्या थंडीत बोंबील वाळत घातले तेव्हा एका टॉवरमधून वासाची लेखी तक्रार आली होती. टॉवरचं नाव घेत नाही, आपण शेजारी आहोत. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने वलांडीवर टांगतात, ऊन आणि वारा आपलं काम करतात, आणि त्या कामाला वास असतो. वलांडीला मोकळी जागा लागते. किनाऱ्यावर तेवढी एकच गोष्ट दरवर्षी कमी होत चाललीय. तरी आपण म्हणता तसं पॅकिंग करून देऊ, तीन पिशव्या एकात एक घालून. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर मालवणहून आणले म्हणून सांगा, मान मिळेल.

तेव्हा या. अष्टमी टाळून, उधाणाच्या दिवसांत, मग तो मंगळवार असला तरी. मंगळवारी ऑफिस असेल तर रजा टाका, मालवणसाठी टाकताच. जवळा निघाला तर जवळा, मुशी निघाली तर मुशी. काहीच निघालं नाही तर डाळभात आणि सुकटीची चटणी. पैसे तेवढेच पडतील.

आपला शेजारी,
एक दांडेकर

ता. क. : आपल्या यादीच्या तळाशी ‘ग्लुटेन-फ्री एक, काटे चालत नाहीत चार’ अशी टीप आहे. भाकरी तांदळाची असल्यामुळे पहिल्याची सोय झाली. उरलेल्या चौघांसाठी बासा लागेल. तो आपल्या इमारतीखालच्या रेस्टॉरंटमध्येच बघावा, आमच्या बोटी व्हिएतनामपर्यंत जात नाहीत.