घर चांगलंय, राहायला शेड बांधलंय

नव्या घरात गेलं की कामं संपता संपत नाहीत, अशी तक्रार पुण्या-मुंबईचे पाहुणे करतात. पडदे राहिलेत, गीझरवाला फिरकला नाही, बाल्कनीत कुंड्या ठेवू देत नाहीत. आमच्या लोहारा-उमरग्याकडं हे ऐकून कुणी हसत नाही, पाहुण्याचा मान राखावा लागतो. इथं गावंच्या गावं एकदम नव्या घरात गेली. त्याला पाव शतक उलटून गेलं आणि परसातली कामं अजून चालूच आहेत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमच्या जिल्ह्यात सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, आणि पलीकडं लातूर जिल्ह्यात किल्लारी. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यावर विनोद होत नाही आणि कुणी करतही नाही. विनोदाला सुरुवात झाली ती नंतर, नकाशे आल्यावर.

त्याआधी जुन्या घराचं सांगायला हवं. जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि वर माती. माळवदाची कामंही काही कमी नव्हती. मृगाआधी वर चढायचं, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळ मोकळी करायची आणि पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. मागचा थर काढायची पद्धत नव्हती. आजानं दिलेल्या थरावर बापाचा, बापाच्या थरावर आपला. घर थंडगार राहायचं, आणि डोक्यावर किती ओझं साठलंय ते मोजायला कुणी वर जात नव्हतं. भिंती दोन-तीन फूट रुंद, पण दगडाला दगड धरून ठेवायला नुसती माती. त्या पहाटे लाकडी सांगाडा बऱ्याच ठिकाणी उभाच राहिला. भिंती ढासळल्या, त्याही आत झोपलेल्यांच्या अंगावर.

मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, संस्था आल्या, ट्रस्ट आले आणि ५२ गावं उचलून नव्या जागी वसवायचं ठरलं. घरं तीन मापांची: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कुठलं, ते जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी सर्वांत लहान घरात, सात हेक्टरांच्या वरचा सर्वांत मोठ्या. भूकंपानं कुणाचा सातबारा मागितला नव्हता, तो पुनर्वसनानं मागितला. ज्याला जमीन कमी त्याला माणसंही कमी असावीत, असा काहीतरी हिशोब असणार. दुसरा मला सापडलेला नाही.

नकाशा मात्र देखणा होता, ते मान्य करावं लागेल. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, रांगेत प्लॉट, जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेलं नवं गाव. जुन्या गल्लीत माझ्या मामीला विरजण हवं असलं तर भिंतीवरून हात पुढं केला की भागायचं. नव्या गावात विरजणासाठी चप्पल घालावी लागते. बाहेरची खोली, स्वयंपाकाची खोली, ओटा, संडास असं सगळं कागदावर मांडलेलं. नकाशा पाहिला की त्यात राहणारा माणूसही डोळ्यांसमोर येतो. तो सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, संध्याकाळी परत येतो, आणि त्याच्याकडं बैल, शेळी, कोंबडी, कडबा, जळण, गोवऱ्या, नांगर, तिफण यांपैकी काहीही नसतं. अशी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमच्या तालुक्यात तेवढी जमलेली नव्हती.

मामानं घर ताब्यात घेताना विचारलं होतं, "साहेब, दावण कुठं?" साहेबांनी नकाशा उलगडला, घराभोवतीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे सगळं तुमचंच आहे." ते खरंच होतं. दावण मामानं बांधायची होती, गोठा मामानं, कडब्याची गंज मामानं. कुंपणही मामानंच, कारण कुंपण नसलेल्या दावणीवर शेजारच्या शेळीचाही हक्क असतो.

घराच्या आतली कामं मामीकडं. ओटा उभ्यानं स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मापाचा. मामी भाकरी बसून थापते, तिच्या सासूनंही बसूनच थापल्या. तिनं एक दिवस खाली चूल मांडून पाहिली. धूर स्लॅबला लागून परत खाली आला आणि डोळे पुसत घरच बाहेर आलं. तेव्हापासून चूल अंगणात पत्र्याखाली आणि ओट्यावर लोणच्याच्या बरण्या. संडासाला दार होतं, कडी होती, भांडं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाणी आधी माणसांना, मग जनावरांना, ही इथली रीत. तिसरा नंबर लागेपर्यंत उन्हाळा येतो. मामीनं आत गोवऱ्या रचल्या. घरातली सर्वांत कोरडी खोली तीच, असं ती म्हणते आणि त्यात तिची काही चूक नाही.

खुंटीचं प्रकरण तर बघण्यासारखं होतं. माळवदाच्या भिंतीत कोनाडे, देवळ्या, खुंट्या. घरातल्या निम्म्या वस्तू भिंतच सांभाळायची. नवी भिंत गुळगुळीत. मामानं चाबूक अडकवायला खिळा लावला आणि हातोडी मारली. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा आत गेला, आणि तळहाताएवढा गिलावा सुटून मामाच्या पायावर पडला. त्या आवाजानं आतली म्हातारी लुगडं सावरत रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मामानं तिला समजावलं, परत आणलं, खिळा उपटला आणि चाबूक दाराच्या कडीला अडकवला. तो अजून तिथंच असतो.

म्हातारीची ती धाव भागात सगळ्यांनाच ठाऊक आहे. स्लॅबखाली झोप लागत नाही म्हणून लोकांनी पुढं पत्र्याचं शेड टाकलं. भूकंप सोसणारं घर सरकारनं दिलं, आणि भूकंप सोसलेली माणसं त्याच्याबाहेर झोपली. चैत्र-वैशाखात स्लॅब इतका तापतो की न भिणाराही मध्यरात्री खाट उचलून बाहेर येतो.

अंगणाचं थोडक्यात सांगतो. प्लॉट काळ्या रानात असला तर पावसाळ्यात चप्पल चिखलात राहते आणि पाय पुढं जातो, म्हणून दरसाल मुरूम टाकायचा. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि फरशी हलते. बागेसाठी राखलेल्या जागेत वेडी बाभूळ आणि गाजर गवत आलं. पाणी न मागता जगणारी बाग नकाशावाल्यांना सुचली नव्हती, ती निसर्गानं लावून दिली.

अभ्यासक येतच राहतात. घर लहान का, शेड कशाला, ओट्यावर बरण्या कशा, सगळं लिहून घेतात. या अभ्यासाचा उपयोग झाला, नाही असं नाही. त्या ५२ गावांबाहेर ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त झाली, तिथं घरमालकानं पैसे घेऊन स्वतः काम करवून घ्यायचं होतं. गावोगाव बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या होत्या. ते बरंच बरं जमलं. २००१ मध्ये भूज हादरल्यावर गुजरातनं बहुतेकांना पैसे आणि मार्गदर्शन देऊन आपापलं घर बांधायला सांगितलं. म्हणजे दावण कुठं हा मामाचा प्रश्न वाया गेला नाही, उत्तर फक्त कच्छला पोचलं. परवा एका अभ्यासकानं मामाला विचारलं, घराबद्दल समाधानी आहात का? मामा म्हणाला, "घर चांगलंय की. तेवढं राहायला शेड बांधलंय."

गेल्या महिन्यात घरपट्टीची नोंद तपासायला ग्रामसेवक आले. एव्हाना स्लॅबच्या दोन्ही खोल्यांत कडबा, पेंड आणि सोयाबीनची पोती, आणि पावसामुळं बैल व्हरांड्यातून आत सरकलेला. ग्रामसेवकांनी पत्र्याच्या शेडकडं बोट दाखवलं.

"हे वाढीव बांधकाम, मामा. लावावं लागंल."

"गोठा लिवा, भाऊसाहेब."

"पण राहता तर तुम्हीच तिथं."

"आम्ही तिथं राहतो. बैल ऱ्हातोय स्लॅबात." मामानं तंबाखू मळत सांगितलं, "घरपट्टी त्याच्या नावानं लावा."

भाऊसाहेबांनी वहीत बराच वेळ पाहिलं. तसा रकाना नव्हता.