परसबागपंडित

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरापुरता भाजीपाला पिकवण्यास परसबाग म्हणतात, आणि अशा बागा करणाऱ्यांनी आपले बरेवाईट अनुभव एकमेकांस सांगावेत ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’चा सारा भर स्वतः प्रयोग करणे, मोजमाप ठेवणे आणि हाती आलेले ज्ञान इतरांस देणे यांवर होता. याच परंपरेतून, परंतु तिच्यातील प्रयोग आणि मोजमाप हे दोन त्रासदायक भाग वगळून, जो सामाजिक प्रकार उदयास आला त्यास परसबागपंडित म्हणता येईल. तो सर्वत्र आढळतो. तथापि त्याचा अभ्यास जळगाव जिल्ह्यातील बोदवड या तालुक्याच्या गावी करणे सोयीचे ठरते, कारण तेथील काळी जमीन, 45 अंशांच्या घरात जाणारा उन्हाळा आणि आपल्या मर्जीने येणारे नळ यांच्या संगतीत पंडिताचे सर्व गुण एकदम प्रकट होतात.

हा गृहस्थ बहुधा भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी किंवा दीपनगरचे वीजकेंद्र यांपैकी कोठून तरी निवृत्त झालेला असतो. नोकरीच्या काळात त्याने तुळशीलाही पाणी घातल्याची नोंद सापडत नाही. ते काम घरातील बाईमाणसाचे, अशी त्याची तेव्हाची धारणा होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मृगात मात्र त्यास मातीचा साक्षात्कार होतो आणि दिवाळीपर्यंत गल्लीतील लोक त्यास ‘भाऊ’ऐवजी ‘सर’ म्हणू लागतात. ही पदवी कोणत्या विद्यापीठाने दिली हे विचारण्याची पद्धत नाही.

पंडिताची खरी कसोटी रोगनिदानात लागते. सकाळी स्टेशन रोडवर फिरून परतताना तो कोणत्याही कुंपणापाशी थांबतो, चष्मा कपाळावर चढवतो, वांग्याचे किंवा मिरचीचे पान दोन बोटांत धरून उलटे करतो आणि पानाच्या पाठीकडे इतका वेळ पाहतो की घरमालकास आपल्या घरातीलच कोणी आजारी असल्याचा भास व्हावा. पान उलटण्याची ही क्रिया शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि लाल कोळी ही रस शोषणारी मंडळी पानाच्या खालच्या बाजूसच मुक्काम करतात. अडचण एवढीच, की पंडिताचे निदान पान उलटण्यापूर्वीच झालेले असते.

उदाहरणार्थ, टोमॅटोचे बूड काळे पडून कुजणे ही बोदवडच्या परसदारी नेहमी दिसणारी व्यथा घ्यावी. फळास कॅल्शियम कमी पडल्याने हे होते, असे पंडित सांगतो, आणि ते बरोबर असते. त्यावर अंड्याच्या टरफलांची पूड घालावी, असेही तो सांगतो, आणि तेथून घोटाळा सुरू होतो. एक तर तो हा उपचार गळ्यात माळ असलेल्या आजीबाईंच्या ओट्यावर बसून सुचवतो, त्यामुळे पुढील चहा रद्द होतो. दुसरे असे, की खानदेशातील काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण मुळातच भरपूर असते. तिला आणखी चुना देणे म्हणजे रावेरच्या पाहुण्याला केळीची फणी भेट देणे होय. कॅल्शियम मातीत असते, परंतु ते पाण्याबरोबर वाहत फळापर्यंत पोहोचावे लागते, आणि ज्या झाडास आठवडाभर कोरडे ठेवून नळ आल्या दिवशी आळे तुडुंब भरेपर्यंत पाणी पाजले जाते, त्याच्या फळापर्यंत ते नियमाने पोहोचत नाही. थोडक्यात, हा रोग टोमॅटोचा कमी आणि नळाच्या वेळापत्रकाचा अधिक असतो. पाणी थोडे परंतु रोज द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन, म्हणजे ओल टिकवणारा जाड थर, अंथरावा, एवढे सांगून हे प्रकरण मिटले असते. पण तेवढ्याने कोणी कोणास सर म्हणत नाही.

पंडिताचे बरेचसे ज्ञान परगावाहून आलेले असते. पुण्याच्या पाहुण्याने सांगितले म्हणून तो नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास दुकानात कोकोपीट म्हणतात, विटेच्या आकारात विकत आणतो. ती वीट भिजून फुगते तेव्हा पंडितही फुगतो. पुढे मे महिन्यातील वाऱ्याने गच्चीवरील कुंड्या वाळल्या, की तोच भुसा शेजारच्या वाळत घातलेल्या पापडांवर उतरतो, आणि त्यानंतरच्या चर्चेत वनस्पतिशास्त्राचा भाग फारसा उरत नाही.

जीवामृताचे प्रकरण याहून उद्बोधक आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात आंबवून जमिनीतील सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी जे द्रावण करतात त्यास जीवामृत म्हणतात. सुभाष पाळेकर यांच्या प्रचलित पद्धतीनुसार एका एकरास 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, सुमारे तितकेच लिटर गोमूत्र आणि गूळ व बेसन प्रत्येकी 2 किलो असे प्रमाण असते. पंडिताचा वाफा 100 चौरस फुटांचा आणि एकर 43,560 चौरस फुटांचा, तेव्हा तो एक दुपार त्रैराशिकात घालवतो आणि स्वयंपाकघरात जाऊन साडेचार ग्रॅम बेसनाची मागणी करतो. “एवढ्यानं तं एक भजंबी होणार नाही,” हे त्यावरील घरचे मत असते. पंडित त्यास अज्ञान समजतो. वस्तुतः संपूर्ण व्यवहारात अचूक मोजमाप झालेले ते एकमेव वाक्य होय.

एका गल्लीत दोन पंडित असल्यास वाद अटळ असतो. भेंडीची पाने पिवळी पडली, की एक जण लोहाची कमतरता म्हणतो आणि दुसरा केवडा म्हणतो. केवडा हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग असून त्यात पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. लोह कमी पडले तर उलट शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. म्हणजे एक पान उजेडात धरून अर्ध्या मिनिटात निकाल लागण्यासारखा आहे. परंतु दोघेही पक्ष मांडण्यात गढलेले असताना वादग्रस्त झाड शेजारची बकरी खाऊन टाकते, आणि पुराव्याअभावी दोघांचीही मते कायम राहतात.

शालेय परसबागेच्या स्पर्धेस परीक्षक मिळत नसला, की पंडितास बोलावणे जाते, आणि तो मेथीच्या वाफ्यासमोर उभ्या असलेल्या मुलांना पालाश म्हणजे काय ते उन्हात समजावून सांगतो. जळगावच्या भरिताच्या वांग्यास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही तो सांगतो, आणि ते अशा थाटात, की ऐकणाऱ्यास त्यातील काही वाटा सरांच्या वाफ्याचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्या वाफ्यातील वांग्यांवर शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा हक्क अबाधित असतो. कीड लागलेले शेंडे दिसताच खुडून नष्ट करावेत, हा उपाय तो इतरांना सांगतो. स्वतःच्या झाडाचा शेंडा खुडण्यास मात्र त्याचा हात धजत नाही. घरी भरीत होते ते बाजारातून आणलेल्या वांग्यांचे.

एवढे असूनही या प्रकारास निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल. दुधी भोपळ्यास फुले येतात आणि फळे धरत नाहीत, ही तक्रार घेऊन आलेल्या शेजारणीस तो जे सांगतो ते खरोखर कामाचे असते. दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे कोवळे फळ असते, नराचा देठ नुसता लांब असतो. ही पांढरी फुले संध्याकाळी उमलत असल्याने दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांची आणि त्यांची गाठ क्वचितच पडते, म्हणून दिवेलागणीस नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे लागतात. पंडित हे केवळ सांगून थांबत नाही, तर हाती फूल घेऊन स्वतः घरोघरी जातो. निवृत्त, वयस्कर, भारदस्त गृहस्थ तिन्हीसांजेला लोकांच्या परसात फुलांची लग्ने लावत हिंडतो, हे दृश्य नव्या भाडेकरूंना चमत्कारिक वाटते. जुने रहिवासी मात्र मागच्या दाराची कडी काढून ठेवतात.

बियाण्यांचा विषयही त्याच्या बाजूने मांडला पाहिजे. संकरित, म्हणजे दोन निराळ्या वाणांच्या मीलनातून कंपनीने तयार केलेल्या बियाण्याचे पुढच्या पिढीत तसेच फळ येत नाही. सरळ वाणाचे बी मात्र घरी धरून वर्षानुवर्षे पेरता येते. हा भेद तो प्रत्येकास किमान तीनदा समजावतो आणि मग जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेली गिलक्याच्या बियांची पुडी हातावर ठेवतो. पुडीवर पेरणीच्या सूचना इतक्या बारीक अक्षरात असतात की त्या कोणी वाचत नाही, आणि न वाचल्यामुळे काही बिघडतही नाही. या बिया त्याच्या वाफ्यातील नसतात. मोरीच्या पाण्यावर वाढलेला आणि त्याच्या एकाही सल्ल्याचा स्पर्श न झालेला गिलक्याचा वेल त्याच्या पत्नीने न्हाणीघराच्या भिंतीवर चढवलेला असतो. त्यावरची दोनचार फळे ती मुद्दाम वाळू देते, त्यांच्या जाळीने भांडी घासते आणि आतले काळे बी त्याच्या हवाली करते. गल्लीतील बहुतेक घरांच्या कुंपणांवर आज जे गिलके आहे, ते याच बियाण्याचे आहे.